कारंज्याचा घसारा

तीन कोटेशनं आली आहेत.
सगळ्यात कमी चार लाख वीस हजार, जीएसटीसकट:
पंप, पितळी नोझल, टाइल्स, पाण्याखालचे दिवे.
आयुष्य दहा वर्षं, विक्रेता म्हणाला,
आणि म्हणताना आमच्या जुन्या कारंज्याकडे
त्यानं पाहिलं नाही.

आमचं शहाण्णव सालचं.
बिल्डरच्या माहितीपत्रकात पहिल्याच पानावर होतं,
कडेला छत्रीवाली बाई, पांढरा कुत्रा.
तशी बाई सोसायटीत कधी राहायला आली नाही.
कुत्रे आले.

मुलुंड पूर्वेला मिठागरांकडून वारा येतो,
तो नोझल खातो.
बोअरचं पाणी उरलेलं खातं.
मी खजिनदार, बिनविरोध,
म्हणजे दुसऱ्या कुणी हात वर केला नाही.
पस्तीस वर्षं गोदीत दुसऱ्यांच्या मालाची वजनं लिहिली,
आता उडणाऱ्या पाण्याचा घसारा लिहितो:
दरसाल दहा टक्के, सरळ रेषेत.
पाणी मात्र कधी सरळ रेषेत खाली आलं नाही.

रविवारी साडेदहाला सभा.
गणसंख्येअभावी तहकूब.
अकराला तीच सभा, त्याच खुर्च्या, तीच माणसं,
कारंज्यासारखीच,
तेच पाणी पुन्हा वर.

मी आकडा वाचला.
बेचाळीस हजार वर्षाला, चौऱ्याऐंशी घरं,
घरटी पाचशे,
महिन्याला बेचाळीस रुपयेसुद्धा पुरते नाहीत.
हे खर्चायचे नाहीत, म्हटलं. ठेवायचे.
वीज, क्लोरीन, टाकी घासायची मजुरी वेगळी.
‘ठेवायचे’ या शब्दावर
मागच्या रांगेत कुणीतरी खुर्ची सरकवली.

छेडा म्हणाले, बुजवा, दोन गाड्या राहतील,
दीड-दीड हजार भाडं.
तळमजल्याच्या ऑगस्टीनबाई म्हणाल्या, डास.
मग म्हणाल्या, पण चालू होतं तेव्हा
लिफ्टचा आवाज ऐकू यायचा नाही.
हडकर म्हणाले, रिडेव्हलपमेंट येतेच आहे, कशाला?
अकरा वर्षं येते आहे.
अकरा वर्षं त्यांच्या स्वयंपाकघराला रंग नाही.

मग कुणीतरी, बहुतेक सी विंगचे शिलवंत,
सहज बोलून गेले:
दहा वर्षांनी बघायला आहे कोण?

पंखा फिरत राहिला.
मी तेहतीस डोकी मोजली, मतांसाठी,
आणि मोजता मोजता
कितीतरी पांढरी निघाली, माझं धरून.

एकोणीस विरुद्ध तेरा. छेडा तटस्थ.
ठराव मंजूर.
जिना उतरताना छेडांनी पाचशेची नोट पुढे केली,
वर्षाचे एकदम घ्या, म्हणाले,
बेचाळीस-बेचाळीसचे सुटे कोण देत बसणार.
पावती उद्या देतो म्हटलं,
कारण पहिली पावती आधीच ठरली होती.

झालं असं, गेल्या मंगळवारी
तोडणकर प्लंबरनं टाकी उपसली.
गाळात निघालं ते त्यानं वर्तमानपत्रावर मांडलं:
दोन टेनिसचे चेंडू, अर्धा कंगवा,
शाळेचा मॉनिटरचा बिल्ला,
सी-सहाशे तीन लिहिलेली किल्ली.
ते लोक दोन हजार नऊला फ्लॅट विकून पुण्याला गेले.
आणि नाणी. चिंचेनं घासून मोजली.
त्रेसष्ट रुपये.
चार आण्याची सात वेगळी ठेवली,
ती आता बँक घेत नाही.

कुणी काय मागितलं असेल पाठ करून, डोळे मिटून?
दहावीत गणित सुटू दे. बाबांची बदली नको.
पाणी ऐकत होतं की नाही
याची नोंद आमच्याकडे नाही.
पण ठेवायचे पैसे ठेवले होते,
ना ठराव, ना सूचक, ना अनुमोदक.

रात्री नवं पावतीपुस्तक उघडलं.
कारंजे बदली निधी. क्रमांक एक.
रक्कम अक्षरी त्रेसष्ट फक्त.
‘यांजकडून’ या शब्दापुढे
पेन टेकवलं,
आणि ऑडिटरला काय सांगायचं
याचा विचार करत बसलो.